कोऱ्या पाठीची जर्सी

आमच्या लॉन्ड्रीत सकाळी वाफ भरली की येणारं माणूस आधी आवाजाने आत येतं आणि चेहऱ्याने मागाहून. त्यामुळे मला माणसं आवाजावरून ओळखायची सवय लागली आहे, आणि जी बोलत नाहीत ती मला आवडत नाहीत. त्या दिवशी दारात कोणीतरी उभं होतं, पण बोलेना की हलेना. पांढऱ्या वाफेत नुसती एक उंच सावली आणि तिच्या हातात काहीतरी तांबडं.

"बोला की," मी म्हटलं. "देव प्रसन्न झाला असेल तर वर तरी मागू दे."

"अगं, मीच," आमचे हे म्हणाले. "जावयाची जर्सी आणलीय. हिच्या पाठीवर नाव शिवायचंय."

"आता? हंगाम संपल्यावर?"

"आताच. आणि नवं दिसता कामा नये. गरम पाण्यातून काढ, सोडा घाल, उन्हात टाक, काय वाटेल ते कर. वर्षभर अंगावर होतं असं वाटलं पाहिजे."

मी इस्त्री उभी करून ठेवली. इस्त्री हातात असताना मी नवऱ्याशी भांडत नाही, एवढं पथ्य पाळते.

आमचे हे बस चालवतात, पण त्यांना ड्रायव्हर कोणी म्हणत नाही. सगळे कोच म्हणतात, आणि चिडले की मीही कोचच म्हणते. नदीच्या अलीकडे आमचा फुटबॉल क्लब, पलीकडे दुसरा, मध्ये एक पूल. ह्यांची बस दिवसभर त्या पुलावरून ये-जा करते. थंडीत पुलावर असं दाट धुकं उतरतं की पलीकडच्या मैदानावरची शिट्टी आमच्या मैदानावर वाजल्यासारखी ऐकू येते. एकदा ती ऐकून आमच्या भोंगा नावाच्या खेळाडूने खेळ थांबला असं समजून चेंडू हातात घेतला आणि पेनल्टी देऊन बसला. भोंगा शाळेत शिकवतो आणि वर्गात त्याचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही. मैदानात मात्र तो असा ओरडतो की पाखरं उडतात.

आमच्या क्लबात पाठीवर आडनाव नसतं, टोपणनाव असतं. नवा खेळाडू पहिला सामना खेळला की बाकीचे त्याला नाव ठेवतात, अक्षरशः, आणि मी ते जर्सीवर हाताने शिवते. आमच्या गोलकीपरच्या पाठीवर 'चाळणी' आहे. त्याच्या पहिल्याच सामन्यात किती गोल झाले होते ते त्यावरून कळावं. आता तो चांगला खेळतो, पण नाव बदलायला तयार नाही. म्हणतो, "ताई, हे नाव माझंय. मी कमावलंय."

आमचा जावई मूळचा पलीकडचा. सुतार आहे. जवळ आला की लाकडाचा वास येतो आणि केसांत भुसा असतो. बोलतो कमी, पण त्याचं न बोलणं मला चालतं. तो पलीकडच्या क्लबात खेळायचा तेव्हा त्याच्या पाठीवर 'पाखरू' लिहिलेलं असायचं. ते मी स्वतः पाहिलंय, कारण त्यांचे कपडेही माझ्याकडेच धुवायला येतात. दोन्ही काठांवर लॉन्ड्री एवढी एकच. मैदानात त्याचे पाय जमिनीला लागतात की नाही असं वाटायचं. धुक्यात तर नाहीच लागायचे.

भर हंगामात त्याचं आणि आमच्या लेकीचं लग्न झालं. तिची नोकरी अलीकडच्या दवाखान्यात, म्हणून दोघं आमच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला आले. घरजावई म्हणा नाहीतर भाडेकरू म्हणा. आणि पुढच्याच सामन्याला तो आमच्या तांबड्या जर्सीत मैदानावर होता.

लीगचा नियम साधा आहे. हंगामाच्या मध्येच क्लब बदलायचा असेल तर आधीच्या क्लबाने ना-हरकत द्यायची, म्हणजे 'आम्ही याला सोडला' असं कळवायचं. खेळाडू त्याला सोडचिठ्ठी म्हणतात. कोणीतरी कोचना तसं विचारलंही होतं. कोच हसून म्हणाले, "लग्नाची हळद उतरली नाही आणि सोडचिठ्ठी कसली मागता? मी खेळाडू आणलेला नाही, जावई आणलाय. जावई घरी आणताना कोणी ना-हरकत मागतं का?"

सगळे हसले. चाळणी हसला, भोंगा हसला, मीही हसले. आमची माणसं अशीच आहेत. कायदा समोर आला की त्याला आधी नात्यात बसवून बघतात.

पण त्याच संध्याकाळी कोच मला हळूच म्हणाले, "याच्या पाठीवर यंदा काही शिवू नकोस. कोरी राहू दे." चोराच्या मनात चांदणं. तेव्हाच मला कळलं की ह्यांना सगळं कळलेलं आहे.

सगळ्यांनी मिळून त्याला 'जावई' हेच नाव ठेवलं होतं. पण ते नुसतंच तोंडात राहिलं. हंगामभर तो कोऱ्या पाठीने खेळला. एकदा मी दोरीवरचे कपडे काढत होते, तर तो शेजारी उभा राहून आपलीच जर्सी बघत होता. म्हणाला, "आई, पाठीवर काही नसलं की थंडी वाजते हो." मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, "मग आत बनियन घालत जा." माझं प्रेम असंच बाहेर पडतं, त्याला मी काय करू.

त्याच्या पायांनी आम्ही सामने जिंकलो, आणि हंगामाच्या शेवटी तक्त्यात अगदी काठावर वरच्या गटात टिकलो. आमच्या खाली पलीकडचे होते. म्हणजे ते खालच्या गटात जाणार. त्यांचा खेळाडू आमच्याकडे, आणि त्यांची जागाही आमच्याकडे.

त्यांनी तक्रार केली. नाही केली असती तर मला नवल वाटलं असतं.

लीगने तीन जणांची समिती बसवली. नियम मोडला हे उघडच होतं. प्रश्न एवढाच उरला की समजून मोडला की न समजता. न समजता मोडला असेल तर ताकीद आणि दंड. लपवून मोडला असेल तर तो खेळला त्या सगळ्या सामन्यांचे गुण कापायचे, म्हणजे आम्ही खाली आणि पलीकडचे वर. पलीकडच्यांचं म्हणणं असं की यांच्या प्रत्येकाच्या पाठीवर नाव असतं, फक्त आमच्या पोराची पाठ कोरी ठेवली, ती ओळख लपवायलाच. कोचनी सांगितलं की नाव होतं. फोटोत दिसत नव्हतं, कारण पाठीचे फोटो कोण काढतं? समिती म्हणाली, ठीक आहे, जर्सी घेऊन या.

म्हणून कोच वाफेत उभे होते.

"मी नाही शिवणार," मी म्हटलं.

"अगं, क्लबाचा प्रश्न आहे."

"मला क्लबाचं सांगू नका. क्लबाचा चिखल मी धुतेय इतकी वर्षं."

"चूक माझी. मग पोरांचे गुण का कापायचे? चाळणीने अंगठा मोडून घेतला शेवटच्या सामन्यात. भोंग्याने घसा बसवून घेतला. ते खरं धावले ना? त्यांचा घाम खोटा होता का?"

मला रागच आला, कारण बोलणं खोटं नव्हतं. चाळणी खरंच मोडलेल्या अंगठ्याने खेळला होता. मी त्याच्या हातमोज्यातलं रक्त धुतलंय. लेक रोज जेवताना हेच म्हणायची. दंड घ्या, ताकीद द्या, बाबांना वर्षभर घरी बसवा, पण गुण कशाला? आणि जावई ताटात बघत बसायचा. सगळं आपल्यामुळे झालं असं त्याला वाटत होतं. गुण कापले तर तो या घरात मान वर करून राहणार नाही, याची मला भीती होती. खरं सांगायचं तर मला क्लबापेक्षा त्याचीच भीती होती.

तरी मी म्हटलं, "आपल्याकडे कधी कोणाचा सदरा दुसऱ्याच्या गाठोड्यात जातो. आपण तो धुऊन, इस्त्री करून त्या दुसऱ्याच्या घरी पाठवतो. तो माणूस कष्टाने त्याची घडी घालतो, त्याला तो छान बसतोही. म्हणून तो त्याचा होतो का?"

"सदरा आणि माणूस एक नाही."

"तेच तर म्हणतेय. सदरा तरी आपण परत करतो."

कोच जर्सी घेऊन मागच्या खोलीत गेले. मी वाफेत उभी राहून त्यांच्या हालचाली ऐकत राहिले. सुयांचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग रीळ खाली पडल्याचा, मग शिवी. ते स्वतःच शिवायला बसले होते. ज्या माणसाला सदऱ्याचं बटण लावता येत नाही, तो माणूस.

मी दारातून बघितलं. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि उन्हात वाफेचे पुंजके हळूहळू तरंगत होते. त्यात ते चष्मा नाकावर ओढून, जीभ दातांत धरून बसले होते. मला एकदम भरून आलं. क्लब त्यांनी शून्यातून उभा केलाय, मैदानातले दगड स्वतः वेचलेत. मला वाटलं, जावं आणि सुई हातातून घ्यावी. दहा मिनिटांचं काम. कोणाला कळलं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "वहिनी, आहात का?"

माळीदादांचा आवाज. पलीकडच्या क्लबाचं मैदान तेच राखतात आणि गाठोडंही तेच आणतात, सायकलवर बांधून. तक्रार झाल्यावर ते येणं बंद करतील असं मला वाटलं होतं, पण ते आले. गाठोडं ठेवलं, पाणी प्यायले, हवापाण्याचं बोलले आणि गेले. मागच्या खोलीत सुई थांबलेली होती. कोच श्वास धरून बसले होते.

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी घरात कोणालाच सांगितली नव्हती. पलीकडच्यांच्या गाठोड्यात निळ्या जर्स्या असतात, चिखलाने कडक झालेल्या. पण जावई आमच्याकडे आल्यापासून त्यांत दर वेळी एक स्वच्छ जर्सी असायची. घडी घातलेली, चिखल नाही, घाम नाही. पाठीवर 'पाखरू'. पहिल्यांदा मला वाटलं चुकून आली. मी माळीदादांना विचारलं, तर ते म्हणाले, "चुकून नाही. आमच्या माणसाची आहे. खुंटीवर धूळ बसते, म्हणून सगळ्यांबरोबर पाठवतो." मी ती दर वेळी धुवायचे. न मळलेला कपडा धुताना हाताला काही लागत नाही, नुसतं पाणी हलत राहतं. निळी जर्सी पाण्यात पसरायची, बाह्या आपोआप उघडायच्या, आणि मला वाटायचं की हिच्यात कोणीतरी आहे. जावई दिसू नये म्हणून मी ती आतल्या दोरीवर वाळत घालायचे.

मी गाठोडं उघडलं. ती होतीच. हंगाम संपला होता, तक्रार झाली होती, तरी होती.

मी ती घेतली आणि मागच्या खोलीत जाऊन कोचच्या मांडीवर टाकली, त्यांच्या तांबड्या जर्सीवरच. त्यांनी तोवर एकच अक्षर शिवलं होतं. तो 'ज' असा वाकडा होता की वाऱ्याने ढकलल्यासारखा दिसत होता.

"ही कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही."

"मग मळली कशी?"

"मळलेली नाहीच. ते दर वेळी पाठवतात. त्यांच्यात अजून एक माणूस कमी आहे, म्हणून."

कोचनी 'पाखरू'वरून बोट फिरवलं. त्यातली काही अक्षरं विटली होती, काही उसवून परत शिवलेली होती. विटलेलं नाव कसं दिसतं ते त्यांना हवंच होतं, आता समोर होतं.  मग त्यांनी सुई तांबड्या जर्सीतच खोचली आणि ती कागदात बांधली.

सुनावणी औषधांच्या दुकानावरच्या खोलीत होती. पडदे फुगत होते आणि खालून कुठूनतरी भिंतीवर चेंडू आपटल्याचा आवाज येत होता, सावकाश, झोपेत ऐकू यावा तसा. समितीच्या प्रमुख दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्यासमोर सगळे आपोआप तोंड मिटून बसले होते. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला पलीकडचे. माळीदादा टोकाला, टोपी गुडघ्यावर ठेवून.

कोचनी कागद सोडला आणि जर्सी टेबलावर पालथी पसरली. तांबडी कोरी पाठ आणि कोपऱ्यात एक वाकडा 'ज', त्यात सुई लोंबकळतेय.

"हे काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हे मी तुम्हाला फसवायला शिवत होतो," कोच म्हणाले. "एवढंच जमलं. नाव नव्हतं. मीच ठेवू दिलं नाही. मला नियम माहीत होता."

पडद्याने एक मोठा श्वास घेतला आणि सोडला. चाळणी ताडकन उभा राहिला, अंगठा अजून बांधलेलाच. "बाई, मग यांना शिक्षा करा. आम्हा अकरा जणांना कशाला? आम्ही तर जावई आला म्हणून आनंदात होतो. दंड लावा, आम्ही भरतो सगळे मिळून."

"तुम्ही भराल हो," त्या म्हणाल्या. आवाजात चीड नव्हती. "पण तुम्ही दंड भरलात म्हणून पलीकडचे वर येत नाहीत. तुमचा घाम खरा आहे, हे मला मान्य आहे. त्यांचाही खराच होता. ते एक माणूस कमी असताना खेळत होते आणि तुम्ही एक जास्त असताना." मग थोडं थांबून म्हणाल्या, "दंड घेऊन गुण तुमच्याकडेच ठेवले, तर पुढच्या वर्षी लोक गुणांचा भाव विचारत येतील माझ्याकडे."

चाळणी खाली बसला. पटलं होतं असं नाही, पण तो बसला. मलाही अजून पूर्ण पटलेलं नाही. चाळणीचा अंगठा आठवला की पटत नाही. निळी जर्सी आठवली की पटतं.

गुण कापले. आम्ही खालच्या गटात गेलो. परत येताना पुलावर ऊन होतं, तरी मला सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. लेक बापाशी बोलेना. जावई मागून चालत होता. पुलाच्या मध्यावर तो पुढे आला आणि कोचच्या हातातलं कागदाचं पुडकं त्याने स्वतःकडे घेतलं. "बाबा, द्या, मी धरतो," एवढंच म्हणाला. लेकीने ते पाहिलं आणि संध्याकाळी बापाला जेवायला हाक मारली.

नव्या हंगामाच्या आधी माळीदादा पहिलं गाठोडं घेऊन आले. कोच तेव्हा लॉन्ड्रीतच होते, बाकावर. माळीदादांनी गाठोड्यातून निळी जर्सी वेगळी काढून माझ्या हातात दिली.

"ही धुवायची नाही, वहिनी. ही त्याला द्या. आम्ही त्याला सोडला. सकाळीच लीगमध्ये सांगून आलो."

मी जर्सी छातीशी धरली. मग म्हटलं, "चहा घेता का?"

कोच उठून उभे राहिले. वाफेत त्यांचा आवाज लहान ऐकू आला. "माळीदादा, एक विचारतो. तेव्हाच मागितली असती ना-हरकत, तर?"

माळीदादांनी खरंच विचार केला. घाईने उत्तर देणारे ते नाहीत.

"तेव्हा शिव्या दिल्या असत्या," ते म्हणाले. "दोन दिवस तुम्हाला हेलपाटे घालायला लावले असते. मग दिली असती. पोराच्या लग्नात आम्ही सगळे जेवलो होतो, कोच. त्याला काय अडवून ठेवणार होतो? आम्ही वाट बघत होतो, तुम्ही येऊन विचाराल म्हणून." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "आमच्या फाटकासमोरच तर तुमच्या बसचा थांबा आहे. रोज थांबत होतात."

ते गेले. सायकलची साखळी पुलाच्या चढापर्यंत ऐकू येत राहिली. कोच परत बाकावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत राहिले.  

तांबडी जर्सी अजून मागच्या खोलीत होती, सुईसकट. मी ती घेऊन ह्यांच्या शेजारी बसले. तो वाकडा 'ज' उसवला नाही. त्याच्यापुढे बाकीचं नाव शिवायला घेतलं, नव्या कोऱ्या दोऱ्याने.